उजळाईवाडी ते मोहनबारी किती तास?

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीचा, वय ७१, सगळा जन्म यंत्रमागावर जॉबर म्हणून गेला. धाकटी लेक आसामात असते, जावई दिब्रुगडजवळ चहाच्या बागेत असिस्टंट मॅनेजर. नोव्हेंबरअखेर तिचं दुसरं बाळंतपण, यावेळी तिकडंच करायचं ठरलंय. आम्हा दोघांना जायचंय, आणि आजवर आम्ही विमानात बसलेलो नाही. थोरल्या नातवानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, कोल्हापूर ते दिब्रुगड २,४४६ किलोमीटर, विमानाला ३ तास ३२ मिनिटं. मी खूश. सकाळचा चहा घरी, दुपारचं जेवण लेकीकडं. तिकीटवाल्याकडं गेलो तर तो म्हणतोय, कोल्हापूर-मुंबई, मुंबई-कोलकाता, कोलकाता-दिब्रुगड, सगळे मिळून अकरा तास. तीनाचे अकरा झाले कसे? नातू चुकला का हा गडी गंडवतोय? दुसरं, मध्ये बांगलादेश लागतो म्हणं, मग पासपोर्ट पाहिजे का? आणि लेक म्हणते तिकडं सव्वाचारला दिवस मावळतो आणि बागेतलं घड्याळ तासभर पुढं असतं. आम्ही घड्याळ बदलायचं का?
— एक वाचक, इचलकरंजी

काका, नातू हुशार आहे आणि तिकीटवाला गंडवत नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या, एवढंच.

मी एकतीस वर्षं विमान कंपनीत डिस्पॅचर होते. पायलट विमानात चढण्याआधी त्याच्या हातात जो कागद पडतो तो आम्ही तयार करायचो: कुठल्या वाटेनं जायचं, किती उंचीवर, इंधन किती, आणि उतरायचं ठिकाण धुक्यानं बंद झालं तर वळायचं कुठं. तुम्ही जसे धोटा अडकला की आवाजावरून ओळखत असाल, तसा मला आकडा बघितला की त्याचा वास येतो. नातवाचा आकडा बघितला आणि लगेच कळलं तो कसा काढलाय. २,४४६ किलोमीटरला ताशी ८०५ किलोमीटरनं, म्हणजे ताशी ५०० मैलांनी भागा. ३ तास २ मिनिटं येतात. त्यात चढ-उतारासाठी सरसकट अर्धा तास मिळवा. झाले ३ तास ३२ मिनिटं. जगातल्या कुठल्याही दोन गावांसाठी मोबाइल असंच गणित करून देईल, तिथं विमान जातं का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अंतर मात्र खरं आहे. तुम्ही सुतातला माणूस, म्हणून सुतानंच सांगते. माझ्या टेबलावर तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. त्यावर कोल्हापूर छापलेलं नाही, मी पेन्सिलीनं ठिपका काढलाय. तिथून दिब्रुगडपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला आणि पट्टीवर ठेवला: पावणेसहा सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर, म्हणजे २,४४०-२,४५०. नातवाचा मोबाइल आणि माझा दोरा यांच्यात भांडण नाही.

मग मला राहवलं नाही. गणित करून त्या दोऱ्याची वाट भारताच्या मोठ्या नकाशावर ठिपक्याठिपक्यानं उतरवली. कोल्हापूरहून निघालेली ती रेघ सोलापूरवरून जाते, उदगीरवरून जाते, थोडी तेलंगणात शिरून परत गडचिरोलीच्या जंगलावर येते. अर्धी वाट होते ती ओडिशातल्या सुंदरगडजवळ. तिथून झारखंड, मुर्शिदाबाद, मग राजशाहीच्या जरा उत्तरेनं बांगलादेश, मेघालयातल्या गारो टेकड्या, आणि शेवटी ती जवळजवळ गुवाहाटीच्या डोक्यावरून जाऊन ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून दिब्रुगडला पोचते. गुवाहाटी त्या रेघेवर यावं ही तुमच्या फायद्याची गोष्ट, ती पुढं येते.

या रेघेवरून थेट जाणारं विमान नाही, आणि लवकर होईल असंही नाही. विमान कंपनीला दीडशेवर खुर्च्या भरायच्या असतात. इचलकरंजीहून आसामला रोज दीडशे माणसं जात असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं. दुसरं कारण जमिनीवरचं. उजळाईवाडीची, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाची, धावपट्टी दोन किलोमीटरच्या आसपास, मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, विमानाला उचलायला जास्त धाव लागते. अडीच हजार किलोमीटरचं इंधन भरून, माणसं आणि सामान घेऊन मोठं जेट एप्रिलच्या दुपारी तिथून उडवायचं म्हटलं तर डिस्पॅचरच्या कपाळाला आठ्या पडतात. आधी सामान उतरवायला सांगतो, मग माणसं.

तेव्हा तुकडे करणं आलं. तुकडे कुठं करायचे एवढंच आपल्या हातात आहे.

तुमच्या तिकीटवाल्यानं मुंबई धरली. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर, आणि ते वायव्येला, म्हणजे लेकीच्या गावाकडं पाठ करून. मग मुंबई-कोलकाता १,६६५, कोलकाता-दिब्रुगड ८५०. बेरीज २,८२५. सरळ वाटेपेक्षा ३८० किलोमीटर जास्त. आता हैदराबाद धरा. कोल्हापूर-हैदराबाद ४४५, हैदराबाद-गुवाहाटी १,६७७, गुवाहाटी-दिब्रुगड ३७३. बेरीज २,४९५. सरळ वाटेपेक्षा फक्त पन्नासेक किलोमीटर जास्त! मी हा हिशोब तीनदा केला, कारण इतका जवळचा आकडा येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

पण थांबा, एवढ्यावर हुरळून तिकीट काढू नका. किलोमीटर वाचले म्हणून तास वाचतीलच असं नाही. कोल्हापूर-हैदराबादसारख्या पल्ल्यावर बहुधा एटीआर असतं, ते पंख्याचं विमान. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, जेट आठशे-साडेआठशेनं. म्हणजे सव्वा तास हैदराबादला, पावणेतीन तास गुवाहाटीला, तासभर दिब्रुगडला: एकूण पाच तास. मुंबई-कोलकात्याच्या वाटेनं हीच बेरीज सव्वापाच-साडेपाच तास होते. फरक वीस मिनिटांचा. मग अकरातले उरलेले साडेपाच तास कुठं गेले? ते खुर्चीत गेले काका. मुंबईच्या खुर्चीत आणि कोलकात्याच्या खुर्चीत.

तिकिटावरच्या वेळेचं एक गुपित सांगते. तिथं ‘सुटण्याची वेळ’ लिहिलेली असते तेव्हा विमान उडत नाही. चाकांना लावलेले ठोकळे निघतात, त्यांना आम्ही चॉक्स म्हणतो. आणि ‘पोचण्याची वेळ’ म्हणजे दुसऱ्या गावी ते ठोकळे परत लागतात ती. मधला सगळा काळ, म्हणजे विमान मागं ढकलणं, धावपट्टीकडं रांगत जाणं, रांगेत उभं राहणं, उडणं, उतरणं, परत रांगणं, हा ब्लॉक टाइम. मुंबईत संध्याकाळी नुसतं रांगण्यात पंचवीस मिनिटं गेलेली मी कितीदा नोंदली आहेत. कोल्हापुरात चारपाच मिनिटांत काम होतं. त्यामुळं मोबाइलचा सरसकट अर्धा तास कुठं उरतो, कुठं पुरत नाही.

तर माझा सल्ला हैदराबादचाच, पण किलोमीटरमुळं नाही, काकूंच्या वयाकडं बघून. हैदराबादला सगळी विमानं एकाच इमारतीतून सुटतात. मुंबईत दोन टर्मिनल आहेत, आणि तुमचं पहिलं विमान एकीकडं उतरून दुसरं दुसरीकडून सुटत असेल तर बाहेर येऊन, रस्त्यानं जाऊन, परत तपासणी करून घ्यावी लागते. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसांनी हे करू नये. तिकीट काढताना व्हीलचेअर मागून ठेवा, लाजू नका. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस तुम्हाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडतो, ते जास्त महत्त्वाचं.

तिन्ही तुकडे एकाच तिकिटावर घ्या. एकच पीएनआर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं की पुढचं बघणं कंपनीच्या अंगावर येतं, आणि सामानही कोल्हापुरात दिलं की दिब्रुगडला मिळतं. वेगळी तिकिटं काढली तर तुमचं तुम्ही. हे मी शहाणपणानं सांगत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही मी एकदा चौदाशे रुपये वाचवायला आईची आणि माझी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा निघालं, दुसरं आमची वाट न बघता वेळेवर गेलं. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून नवीन तिकिटाचा भाव सांगितला. आई रात्रभर लोखंडी खुर्चीवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि दर तासानं विचारायची, ‘तू विमानातच नोकरी करत होतीस ना गं?’

कोणत्या दिवशी कोणतं विमान आहे हे मी इथं लिहीत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक पालटतं, आणि तुम्ही जाणार हिवाळी वेळापत्रकात. ते लागलं की तिकीटवाल्याला सांगा: हैदराबाद आणि गुवाहाटीमार्गे बघ, मध्ये प्रत्येक ठिकाणी किमान दोन तास हवेत आणि चारपेक्षा जास्त नकोत. एका दिवसात बसत नसेल तर मुक्काम गुवाहाटीला करा, हैदराबादला नको. लांबचा तुकडा पहिल्या दिवशी उरकलेला बरा, आणि सकाळी विमान चुकलं तरी गुवाहाटीहून दिब्रुगडला रात्रीची रेल्वे असते. हैदराबादला विमान चुकलं तर काय करणार?

पासपोर्ट लागत नाही. बांगलादेशच्या डोक्यावरून जाणं आणि बांगलादेशात जाणं यात फरक आहे. कोलकात्याहून आगरतळ्याला जाणारी विमानं रोज त्या देशावरून उडतात, आतली माणसं खाली उतरतात ती भारतातच. कंपनी वरून जाण्याची परवानगी घेते आणि पैसे भरते. तुम्ही आधार कार्ड घ्या, आणि तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. आपल्याकडं एका कागदावर ‘आण्णासो’ आणि दुसऱ्यावर ‘अण्णासाहेब’ असण्याची फार खोड आहे.

आता घड्याळ. तुमची लेक अजिबात फुगवून सांगत नाही. भारतभर घड्याळ एकच, ते मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेलं. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला, दिब्रुगड बरंच पूर्वेला. दोघांमध्ये पावणेएकवीस अंशांचं अंतर, एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे ८३ मिनिटं. त्यात हिवाळ्यात उत्तरेला दिवस आणखी लहान. म्हणून नोव्हेंबरअखेर तुमच्याकडं सहाच्या आसपास दिवस मावळतो तेव्हा मोहनबारीत, म्हणजे दिब्रुगडच्या विमानतळाकडं, दीड-पावणेदोन तास आधीच दिवे लागलेले असतात. सकाळी उलट. तुम्ही सवयीनं सहाला उठाल आणि ऊन अंगणात आलेलं असेल.

चहाच्या बागांनी यावर आपला तोडगा काढलाय. तिथं ‘बागान टाइम’ चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढं, म्हणजे पानं खुडणाऱ्यांना उजेड पुरतो. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. तेव्हा तुम्ही मनगटावरचं घड्याळ बदलू नका. विमान, रेल्वे, बँक सगळं भारतीय वेळेवर चालतं. पण जावयांनी ‘सातला जेवू’ म्हटलं की विचारा, कुठले सात? बागेतले सात म्हणजे तुमचे सहा. परतीच्या दिवशी विमानतळाची गाडी सांगताना हे हमखास विचारा. तुम्ही सांगितलेली वेळ गाडीवाल्यानं बागेची समजली तर तुम्ही तासभर लवकर पोचाल, ते परवडलं. उलटं झालं तर विमान गेलं.

जाताना दिब्रुगडला तीनच्या आत उतरणारं विमान मिळालं तर बघा. मोहनबारी शहरापासून पंधराएक किलोमीटर, तिथून बाग पुढं किती ते लेकीला माहीत. नव्या मुलखात, कच्च्या रस्त्यानं, अंधारात, सामान घेऊन पहिलाच प्रवेश नको.

जाता जाता: तुमच्या दोन्ही टोकांची वयं साधारण सारखी आहेत. उजळाईवाडीचं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये झालं. मोहनबारीहून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानं हिमालय ओलांडून चीनकडं माल नेत, त्या वाटेला वैमानिक ‘हंप’ म्हणत, आणि त्या डोंगरांत शेकडो विमानं पडली. काकूंना हे आत्ता सांगू नका. परत आल्यावर सांगा.

मुंबई-गुवाहाटी जाताना आमच्या तिकिटावर लागणारा वेळ कमी होता आणि येताना जास्त. जानेवारीत गेलो होतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, मग पूर्वेचं गाव विमानापासून पळत असेल ना? जायला जास्त वेळ लागायला हवा!
— एक वाचक, ठाणे

पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यासोबत हवाही फिरते, आणि विमान हवेत असतं. धावत्या लोकलच्या डब्यात तुम्ही मागच्या दारातून पुढच्या दाराकडं चालत गेलात तर दार तुमच्यापासून पळतं का? डोंबिवलीहून एकतीस वर्षं ये-जा केली, कधी पळालं नाही.

खरं कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटर हा त्याचा रोजचा वेग म्हणा. मुंबई-गुवाहाटी २,०७० किलोमीटर. वाटेचा काहीच भाग त्या पट्ट्यात येतो, म्हणून सरासरी शंभराचाच वारा धरू. विमानाचा स्वतःचा वेग ८३०. जाताना जमिनीवर तो ९३० पडतो, येताना ७३०. करा भागाकार: २ तास १४ मिनिटं आणि २ तास ५० मिनिटं. छत्तीस मिनिटं निव्वळ वाऱ्यानं खाल्ली.

आम्हाला रात्री वाऱ्याचे तक्ते यायचे. जानेवारीत परतीच्या विमानाला मी कधीकधी मुद्दाम खालची उंची द्यायचे, तिथं वारा कमी म्हणून. खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं, पण समोरच्या वाऱ्यात ढकलत बसण्यापेक्षा ते बरं पडायचं. कधी हिशोब चुकायचा, तेव्हा पायलट उतरल्यावर फोन करून अगदी सभ्य भाषेत विचारायचे, ‘मॅडम, आज तुमचा वारा कुठं होता?’

एप्रिलनंतर तो पट्टा उत्तरेला सरकतो. पावसाळ्यात तुम्ही गेला असता तर जाण्या-येण्यातला एवढा फरक तुम्हाला दिसलाच नसता.

विमानात मोबाइल फ्लाइट मोडवर असताना आपण कुठल्या गावावर आहोत हे कळतं का? आणि खिडकी कुठली घ्यावी? सुट्टीत आईबाबांसोबत गुवाहाटीहून दिब्रुगडला जाणार आहे.
— इयत्ता आठवी, सांगली

कळतं. जीपीएस फक्त उपग्रहांकडून ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही, म्हणून बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही ते चालतं. घरून निघताना नकाशा फोनमध्ये उतरवून ठेव, आणि वर गेल्यावर फोन खिडकीला चिकटवून धर, मधल्या खुर्चीत उपग्रह सापडत नाहीत.

खिडकी डावीकडची माग, पंखाच्या मागची. आणि सकाळचं विमान घ्यायला लाव. हवा स्वच्छ असली तर अरुणाचलचे बर्फाचे डोंगर तासभर तुझ्यासोबत चालतील. मी ते एकदाच पाहिलेत, आणि तेही खिडकीजवळच्या माणसाच्या अंगावरून वाकून.